अंकीय डीजे-यंत्रणेतील तांत्रिक बिघाड व त्यांचे पूर्वनिवारण : नाइटक्लब ते मंडप

बीजशब्द : अंकीय ध्वनियंत्रणा, डीजे, वीजपुरवठा, अर्थिंग, बफर, पेनड्राईव्ह, पूर्वतपासणी

प्रस्तावना

माळशिरस तालुक्यातील अकलूज हे गाव साखर कारखान्यामुळे, नीरेकाठच्या किल्ल्यामुळे आणि लावणी स्पर्धेमुळे महाराष्ट्राला परिचित आहे. लावणीच्या बैठकीत वाजणारी ढोलकी बिघडू लागली की वादकाला ते फार आधी कळते. दोरी सैल झाली की सूर उतरतो, बोटाखाली पुडीचा ताण बदललेला जाणवतो. दोन लावण्यांच्या मधल्या अवकाशात वादक कड्या ओढून ढोलकी पुन्हा सुरात आणतो आणि प्रेक्षकाला त्याचा पत्ताही लागत नाही. वाद्य हळूहळू बिघडते, म्हणून ते वाजवता वाजवता दुरुस्त करता येते.

याच परिसरातील लग्नाच्या वरातीत, गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत आणि महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत गेल्या दोन दशकांत स्थिरावलेल्या डीजे-यंत्रणेची प्रकृती नेमकी उलट आहे. ती शेवटच्या क्षणापर्यंत निर्दोष वाजते आणि मग एकाएकी थांबते. ध्वनिमुद्रिकेवर ओरखडा पडला की खरखर ऐकू येत असे. कॅसेटची फीत ताणली गेली की आवाज लडखडत असे. अंकीय म्हणजेच डिजिटल माध्यमात मात्र दोष झाकण्याची व्यवस्था माध्यमातच असते. सीडीवरील माहितीसोबत दुरुस्तीसाठी लागणारी जादा माहितीही नोंदलेली असते. त्यामुळे बारीक ओरखडे कानाला कळतच नाहीत. दोष दुरुस्तीच्या मर्यादेपलीकडे गेला की मात्र गाणे अडखळते किंवा बंद पडते. या कडेलोटाच्या स्वभावामुळे अंकीय यंत्रणेची काळजी कार्यक्रम चालू असताना घेता येत नाही, ती आधीच घ्यावी लागते. प्रस्तुत लेखात ही काळजी कोणत्या ठिकाणी आणि का घ्यावी लागते, याचे विवेचन केले आहे. महाविद्यालयातून शिकून बाहेर पडलेले अनेक तरुण ध्वनियंत्रणेच्या व्यवसायात उतरलेले दिसतात. महाविद्यालयाच्या व्यासपीठावर यंत्रणा लावली जाते तेव्हा तिच्या सुरक्षिततेचे उत्तरदायित्व कार्यक्रमाचे संयोजन करणाऱ्या प्राध्यापकांकडेही येते. त्यामुळे हा विषय केवळ करमणुकीचा राहत नाही.

क्लबपासून मंडपापर्यंत

डीजेची साधने मूळची नाइटक्लबची. जपानच्या मात्सुशिता कंपनीने टेक्निक्स या नावाने १९७२ मध्ये बाजारात आणलेली एसएल-१२०० ही तबकडी फिरवणारी यंत्रे पुढे जगभरच्या क्लबांची ओळख बनली. पायोनियर कंपनीच्या सीडीजे-१००० या यंत्राने २००१ मध्ये सीडीवरील गाणे तबकडीसारखे हाताने फिरवण्याची सोय केली. २००४ मध्ये सेराटो स्क्रॅच लाइव्ह ही आज्ञावली आली आणि लॅपटॉप डीजेच्या मेजावर बसला. २००९ च्या सीडीजे-२००० नंतर पेनड्राईव्ह हेच मुख्य माध्यम झाले. प्रत्येक टप्प्यावर सामान हलके झाले आणि बिघाडाची जागा बदलत गेली. पूर्वी सुई व पट्टा सांभाळावा लागे, आता फाईल, जोडणी आणि विजेचा दाब सांभाळावा लागतो.

हवामानाप्रमाणे माध्यम निवडण्याचे एक उदाहरण शेजारच्या गोव्यात सापडते. हणजुणे परिसरातील किनाऱ्यावर १९९० च्या दशकात ज्या रात्रभराच्या मैफली होत, त्यांत गोवा गिल (१९५१-२०२३) यांच्यासारखे डीजे ध्वनिमुद्रिकांऐवजी डॅट या अंकीय फितींवर संगीत वाजवत. उन्हात आणि दमट उष्म्यात व्हिनाइलच्या तबकड्या वाकतात, रेती आणि धूळ खाचांत बसते. त्यापेक्षा बंद डबीतील छोटी फीत अधिक भरवशाची होती. तिची किंमतही त्यांनी मोजली. फितीवर ताल जुळवून एका गाण्यातून दुसऱ्यात शिरणे अवघड असल्याने ते तालविरहित आरंभ आणि शेवट असलेल्या भागांतून हळुवारपणे पुढच्या गाण्याकडे वळत. अडचण टाळण्यासाठी वादनाची रीतच बदलण्याचा हा विचार आजच्या अनेक महागड्या यंत्रणांच्या मालकांना सुचत नाही.

अकलूजसारख्या निमशहरी गावात नाइटक्लबची संस्कृती नाही. परंतु पुणे-मुंबईच्या क्लबात वापरली जाणारी यंत्रे किंवा त्यांच्या लहान आवृत्त्या येथील मंडपात आणि ट्रॉलीवर पोहोचल्या आहेत. क्लबात ती वातानुकूलित खोलीत, पक्क्या वायरिंगवर आणि कायमच्या जागी बसवलेली असतात. येथे ती दर दोन दिवसांनी टेम्पोत चढतात, उतरतात, जनरेटरवर चालतात आणि एप्रिल-मेच्या लग्नसराईत चाळीस अंशांच्या पुढच्या तापमानात वाजतात. उत्पादकाने ज्या परिस्थितीचा विचार करून यंत्र घडवले, तिच्यात आणि प्रत्यक्षात पडलेले हे अंतर बहुतेक बिघाडांच्या मुळाशी असते.

वीजपुरवठा : सर्वांत मोठा आणि सर्वांत दुर्लक्षित धोका

यंत्रणा बंद पडली की पहिला संशय लॅपटॉपवर किंवा पेनड्राईव्हवर घेतला जातो. वास्तविक पहिली तपासणी सॉकेटची व्हायला हवी. मंडपासाठी तात्पुरती घेतलेली जोडणी किंवा भाड्याचा जनरेटर पुष्कळदा थ्री-फेज असतो. एक फेज आणि न्यूट्रल यांत सुमारे २३० व्होल्टचा दाब असतो, तर दोन फेजांमध्ये सुमारे ४०० व्होल्टचा. जोपर्यंत न्यूट्रलची तार घट्ट आहे तोपर्यंत प्रत्येक फेजवरील उपकरणांना २३० व्होल्टच मिळतात. ही तार एखाद्या सैल स्क्रूमुळे सुटली की चित्र पालटते. दोन फेजांवरील उपकरणे एकमेकांशी एकापाठोपाठ जोडली जातात आणि ४०० व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात. ही वाटणी समान होत नाही.

उदाहरणार्थ, एका फेजवर ४००० वॅटचे हॅलोजन दिवे आणि दुसऱ्या फेजवर ४०० वॅटची मिक्सर, प्लेअर, लॅपटॉप अशी सामग्री आहे असे मानू. दिव्यांचा रोध सुमारे १३ ओहम, तर ध्वनिसामग्रीचा, सोयीसाठी तिला साध्या रोधासारखी मानल्यास, सुमारे १३२ ओहम येतो. न्यूट्रल सुटताच या हिशोबाने दिव्यांच्या वाट्याला ३६ व्होल्ट आणि ध्वनिसामग्रीच्या वाट्याला तब्बल ३६४ व्होल्ट येतात. दिवे मंद होतात आणि त्याच क्षणी मिक्सर जळतो. 'दिवे डिम झाले आणि मशीन उडाले' असे जे वर्णन ऑपरेटरांकडून ऐकू येते, त्याचा अर्थ हा आहे. आधुनिक उपकरणांतील वीजपुरवठा-मंडळ १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालणारे असते, म्हणजे दाब कमी झाला तरी ते निभावते. वाढलेल्या दाबापुढे मात्र त्याचा टिकाव लागत नाही. म्हणून यंत्रे जोडण्यापूर्वी मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ असे तिन्ही दाब मोजावेत, दिवे पूर्ण चालू करून ते पुन्हा मोजावेत आणि ध्वनिसामग्रीच्या आधी जास्त-कमी दाबाला पुरवठा तोडणारा रिले बसवावा. अशा रिलेची किंमत एका मिक्सरच्या किमतीपुढे नगण्य असते.

जनरेटरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. बासचा ठोका पडतो तेव्हा ॲम्प्लिफायर क्षणभर फार मोठा प्रवाह ओढतो आणि लहान जनरेटरचा दाब त्या तालावर खाली-वर होतो. लॅपटॉपमध्ये स्वतःची बॅटरी असल्याने तो तगतो; मिक्सर आणि प्लेअर मात्र पुन्हा सुरू होतात, आणि पुन्हा सुरू होण्यास लागणारी काही सेकंदे वरातीत फार मोठी वाटतात. जनरेटर गरजेपेक्षा मोठा घेणे आणि मेजावरील सामग्रीस लहानसा ऑनलाइन यूपीएस देणे, हा यावर उपाय आहे.

आता हमचा प्रश्न. स्पीकरमधून सतत येणारी पन्नास हर्ट्झची घुमणारी गुणगुण ही बहुधा अर्थच्या वळशामुळे येते. मेजावरील मिक्सर एका ठिकाणच्या अर्थला आणि दूरचा ॲम्प्लिफायर दुसऱ्या ठिकाणच्या अर्थला जोडलेला असतो. त्या दोन जागांच्या दाबात किंचित फरक असतो आणि तो फरक ध्वनीच्या तारेच्या जाळीतून वाहतो. यावर गावोगाव एक 'उपाय' प्रचलित आहे, तो म्हणजे प्लगची तिसरी पिन काढून टाकणे. गुणगुण थांबते आणि पिन काढणारा हुशार ठरतो, ही खेदाची बाब आहे. त्या पिनमधूनच बिघाडाच्या वेळी प्रवाह जमिनीत जातो. ती नसेल आणि यंत्रात फेजची तार धातूच्या खोक्याला टेकली, तर ते खोके, त्याला जोडलेली तारेची जाळी आणि अखेरीस निवेदकाच्या हातातील धातूचा माइक हे सर्व जिवंत होते. पावसाळ्यातील ओल्या मंडपात अनवाणी उभ्या असलेल्या माणसासाठी हा प्राणघातक प्रसंग आहे. योग्य उपाय तीन : सर्व ध्वनिसामग्रीस एकाच वितरणपेटीतून वीज देणे, लांब अंतरासाठी आरसीए पिनच्या तारांऐवजी एक्सएलआरच्या समतोल तारा वापरणे, तरीही गुणगुण राहिल्यास ध्वनीच्या तारेत विलगीकरण करणारा ट्रान्सफॉर्मर घालणे. वितरणपेटीत ३० मिलिॲम्पिअरचा गळती-संरक्षक स्विच असणे आवश्यक समजावे. स्नेहसंमेलनाच्या कंत्राटात ही एक अट महाविद्यालयाला सहज घालता येण्याजोगी आहे.

संगणकाच्या आत : थेंब आणि हंडा

लॅपटॉपवर चालणाऱ्या यंत्रणेत आवाज तुटणे, 'टक टक' येणे किंवा गाणे यंत्रमानवासारखे घोगरे होणे या तक्रारी सर्रास आढळतात. त्यामागची क्रिया समजून घेतल्यास उपाय आपोआप सुचतात. सीडीच्या दर्जाचा ध्वनी म्हणजे प्रत्येक सेकंदाला ४४,१०० नमुने. संगणक हे नमुने एकेक करून पाठवत नाही. तो ते एका छोट्या साठ्यात भरतो आणि ध्वनिकार्ड त्या साठ्यातून सतत उपसत राहते. या साठ्याला बफर म्हणतात. हंड्याच्या तळाला तोटी चालू आहे आणि वरून कोणीतरी तांब्याने पाणी ओतत आहे, अशी कल्पना करावी. ओतणारा क्षणभर दुसरीकडे वळला आणि हंडा रिकामा झाला, की धार तुटते. ५१२ नमुन्यांचा बफर सुमारे ११.६ मिलिसेकंद पुरतो, १२८ नमुन्यांचा अवघे २.९ मिलिसेकंद. बफर लहान ठेवला की बटण दाबताच आवाज येतो, मात्र संगणकाला चुकण्यास वाव राहत नाही. मोठा ठेवला तर वाव राहतो, पण हात आणि आवाज यांत अंतर जाणवते. स्क्रॅचिंग न करणाऱ्या, गाण्यामागून गाणे जोडणाऱ्या ऑपरेटरने बफर मोठा ठेवण्यास काहीच हरकत नसते. दहा मीटरवर नाचणाऱ्या माणसापर्यंत आवाज पोहोचण्यास हवेतच सुमारे २९ मिलिसेकंद लागतात, हे ध्यानात घेतले तर दहा मिलिसेकंदांचा अट्टाहास निरर्थक वाटतो.

संगणकाचे लक्ष दुसरीकडे वळवणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत : वायफायचा शोध, ब्लूटूथ, विषाणूरोधक आज्ञावलीची तपासणी, स्वयंचलित अद्ययावतीकरण आणि ऊर्जाबचतीची मांडणी. ऊर्जाबचतीमुळे यूएसबी जोडणी मध्येच झोपी जाते आणि कंट्रोलर संगणकाला दिसेनासा होतो. हे सर्व कार्यक्रमापूर्वी बंद करावे. नवीन आवृत्ती कार्यक्रमाच्या दिवशी कधीही बसवू नये. तिच्याशी जुन्या यंत्राची जोडणी जुळेलच याची शाश्वती नसते. इंटरनेटवरून थेट गाणी वाजवण्याची सोय मोहक असली तरी मिरवणुकीच्या गर्दीत मोबाइलच्या एका टॉवरवर हजारो फोन लटकलेले असतात, याचा विसर पडू नये. चोरून मिळवलेल्या आज्ञावलीचा धोका येथे वेगळाच आहे. ती ऐन वेळी परवाना मागते आणि विचारण्यासाठी कोणी नसते.

उष्णतेचा परिणामही याच हंड्यावर होतो. प्रक्रियक फार तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. त्यामुळे पाणी ओतणारा हातच मंदावतो. गादीच्या आसनावर, कापडावर ठेवलेल्या लॅपटॉपची खालची जाळी झाकली जाते. उघड्या धातूच्या स्टँडवर तो ठेवला, तर निम्मा प्रश्न सुटतो.

फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कविषयी एक मनोरंजक नोंद येथे करावीशी वाटते. २००८ च्या अखेरीस ब्रेंडन ग्रेग या सन मायक्रोसिस्टिम्समधील अभियंत्याने संगणकाच्या डिस्कसमोर मोठ्याने ओरडून दाखवले आणि त्या क्षणी डिस्कचा प्रतिसाद मंदावल्याचा आलेख चित्रफितीत नोंदवला. डिस्कवरील वाचनशीर्ष आणि चकती यांत इतके सूक्ष्म अंतर असते की आवाजाची कंपनेही वाचनात अडथळा आणतात. माणसाच्या ओरडण्याने जे घडते ते बासच्या भिंतीपासून चार फुटांवर ठेवलेल्या लॅपटॉपमध्ये घडल्यास नवल नाही. एसएसडी प्रकारच्या साठ्यात फिरणारा भागच नसतो. जुन्या लॅपटॉपमध्ये एवढा एक बदल केला तरी त्याचे आयुष्य आणि विश्वासार्हता दोन्ही वाढतात. मेज बासच्या खोक्यांवरच न मांडण्याची सूचना मात्र कोणत्याही लॅपटॉपला लागू आहे.

पेनड्राईव्ह आणि तारा

क्लबात एका रात्री तीन-चार डीजे येतात आणि प्रत्येकाजवळ स्वतःचा पेनड्राईव्ह असतो. तेथील बहुसंख्य गोंधळ वादनाच्या मध्यात होत नाहीत. एक डीजे उठतो आणि दुसरा बसतो त्या दोन-तीन मिनिटांत ते होतात. चुकीचा पेनड्राईव्ह उपसला जातो, चालू वाहिनी बंद केली जाते, तार पायात अडकते. सीडीजे-२००० पासूनच्या यंत्रांत अशा वेळी शेवटचे काही ठोके फिरवत ठेवणारी आपत्कालीन सोय आहे. तिच्यावर विसंबून राहण्यापेक्षा उठणाऱ्याने आपला पेनड्राईव्ह पुढच्याचे गाणे सुरू झाल्यावरच काढावा, हा साधा नियम उपयुक्त ठरतो.

पेनड्राईव्हवर माहिती मांडण्याच्या पद्धती अनेक आहेत. सीडीजे-२००० नेक्सस-२ सारखी २०१६ मधील यंत्रेही एक्सफॅट किंवा एनटीएफएस मांडणी वाचत नाहीत. त्यांना फॅट-३२ लागते. २०२० च्या सीडीजे-३००० ला एक्सफॅट चालते. घरच्या संगणकावर उत्तम उघडणारा पेनड्राईव्ह कार्यक्रमाच्या ठिकाणी 'रिकामा' दिसतो, त्याचे कारण पुष्कळदा इतकेच असते. तसेच फ्लॅक प्रकारची गाणी नेक्सस-२ वाजवते, मूळ सीडीजे-२००० वाजवत नाही. एमपी-३ मात्र सर्वांना चालते. म्हणून फॅट-३२ मांडणी आणि ३२० किलोबिटची एमपी-३ गाणी ही जोडी सर्वांत सुरक्षित होय. त्याच गाण्यांचा दुसरा पेनड्राईव्ह खिशात असावा, आणि तो दुसऱ्या खरेदीतील असावा. एकाच वेळी घेतलेले दोन स्वस्त पेनड्राईव्ह एकाच आठवड्यात दगा देऊ शकतात. गाण्यांच्या फाईलींना देवनागरीबरोबर रोमन लिपीतील नावेही द्यावीत, कारण काही यंत्रांच्या पडद्यावर देवनागरी नीट उमटत नाही आणि 'हळद' शोधताना 'वरात' वाजते.

तारांविषयी थोडक्यात. यूएसबी-२ ची तार पाच मीटरपेक्षा लांब असू नये. अशा एका जोडणीतून मिळणारा प्रवाह ५०० मिलिॲम्पिअरपर्यंत मर्यादित असतो, म्हणून कंट्रोलर, बाहेरची डिस्क आणि दिवा एकाच हबवर लादू नयेत. प्रत्येक तार यंत्रात शिरण्यापूर्वी मेजाच्या पायाला सैल वेढा देऊन बांधावी. कोणी ओढली तर ताण वेढ्यावर येतो, सॉकेटवर येत नाही. बाहेर जाण्याची वाट तारांनी आणि खोक्यांनी अडवू नये. मुंबईतील कमला मिल आवारातील उपाहारगृहांना २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर लागलेल्या आगीत १४ जणांचा मृत्यू झाला. त्या आगीचा डीजे-यंत्रांशी संबंध जोडण्याचे कारण नाही. परंतु गर्दी, अंधार आणि मोठा आवाज एकत्र असलेल्या जागेत मोकळ्या वाटेचे मोल किती, हे त्या रात्रीने दाखवले.

गुलाल, धूर आणि ओलावा

उत्पादकांच्या माहितीपत्रकांत धूळ आणि पाणी यांचा उल्लेख असतो, गुलालाचा नसतो. गुलालाचे कण अतिशय बारीक असून ते फेडरच्या फटीतून आत शिरतात आणि ओलाव्यात चिकट होतात. मग फेडर सरकवताना खरखर येते किंवा एका बाजूचा आवाज गायब होतो. मिरवणुकीत मेजावर पारदर्शक प्लॅस्टिकचे तिन्ही बाजूंनी बंद आवरण असावे, मात्र मागील जाळ्या झाकल्या जाऊ नयेत. दुसऱ्या दिवशी मऊ ब्रशने आणि हवेच्या झोताने स्वच्छता करावी. पेट्रोल किंवा रॉकेलने फेडर पुसण्याची पद्धत वंगण आणि प्लॅस्टिक दोन्हीची हानी करते. विद्युत्-संपर्कासाठी तयार केलेला फवारा वापरावा आणि तोही बेताने.

क्लबात गुलालाची जागा धुराचे यंत्र घेते. त्याच्या ग्लायकॉलच्या वाफेचा तेलकट थर कालांतराने बटणांवर आणि पंख्यांवर साचतो. शिवाय पेल्यातील पेय सांडण्याचा धोका असतो, जो कोणत्याही तांत्रिक ज्ञानाने टळत नाही. मेजावर पेला न ठेवण्याच्या शिस्तीनेच टळतो. कोकण आणि गोव्यात खारी हवा धातूच्या पिनांना गंज आणते. वातानुकूलित खोलीतून थंड यंत्र पावसाळी हवेत आणले की त्यावर आतून दव जमते. अर्धा तास ते बंद अवस्थेतच राहू द्यावे, मग चालू करावे.

लाल दिवा

मिक्सरवरील लाल दिवा हा शोभेसाठी नसतो. अंकीय ध्वनीला एक ठाम वरची मर्यादा असते. तिच्या वर जाणाऱ्या लहरीचा माथा सपाट कापला जातो आणि त्या सपाट माथ्यातून नवे तीव्र स्वर निर्माण होतात. ॲम्प्लिफायर तो कापलेला ध्वनी आणखी वाढवून उच्च स्वरांच्या नाजूक ड्रायव्हरकडे पाठवतो आणि त्यांची तार जळते. ऑपरेटर मात्र 'आवाज कमी पडतो' म्हणून पट्टी आणखी वर सरकवतो. योग्य क्रम उलट आहे : मिक्सर हिरव्या-पिवळ्या पट्ट्यात ठेवून ॲम्प्लिफायरवर आवाज जुळवावा आणि मध्ये लिमिटर बसवावा.

पश्चिम महाराष्ट्रात अशा ध्वनिभिंतीला सरसकट 'डॉल्बी' म्हटले जाते. रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये स्थापलेल्या प्रयोगशाळेची पहिली कीर्ती फितीवरील खरखर कमी करण्याच्या तंत्रासाठी होती. गोंगाट कमी करणाऱ्याचे नाव गोंगाटाला मिळावे, हा भाषेचा विनोदच म्हणावा लागेल. कानाच्या दृष्टीने हा विनोद राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये करमणुकीच्या स्थळांसाठी प्रसिद्ध केलेल्या मानकात पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलपेक्षा अधिक नसावी, असे सुचवले आहे. भारतातील ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० यांची मर्यादा त्याहून फार खाली आहे. निवासी भागात ती दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने डीजे-डॉल्बीवरील बंदीस अंतरिम स्थगिती देण्याचे नाकारले, तेव्हा या व्यवसायाचा बचाव मुख्यतः उपजीविकेच्या आधारावर झाला होता. उपजीविकेचा प्रश्न खरा आहे. परंतु लाल दिव्याखाली वाजणारी यंत्रणा एकाच वेळी शेजाऱ्याचे कान आणि मालकाचे ड्रायव्हर दोन्ही खर्ची घालते, हेही तितकेच खरे आहे.

पहिली दहा सेकंदे आणि शेवटची पंधरा मिनिटे

सर्व काळजी घेऊनही एखादे वेळी यंत्रणा थांबते. त्या वेळी काय करायचे ते आधी ठरलेले असावे. मिक्सरच्या एका मोकळ्या वाहिनीला साधा मोबाइल तारेने जोडून ठेवावा, त्यात एक लांब गाणे तयार असावे, आणि त्या मोबाइलवर कोणाचाही फोन येणार नाही अशी व्यवस्था असावी. लॅपटॉप थांबला की ती वाहिनी उघडायची, मगच दोष शोधायचा. बहुतेक ऑपरेटर हे उलट्या क्रमाने करतात. आधी तारा हलवतात, मग लॅपटॉप पुन्हा सुरू करतात आणि त्या शांततेत मंडप रिकामा होऊ लागतो. नवख्या ऑपरेटरला आगाऊ रक्कम परत मागितली जाते ती बहुधा अशाच शांततेनंतर.

बंद करण्याचा क्रम हा चालू करण्याच्या क्रमाच्या उलट असतो. सुरू करताना लॅपटॉप, मिक्सर आणि सर्वांत शेवटी ॲम्प्लिफायर. बंद करताना सर्वांत आधी ॲम्प्लिफायर. असे न केल्यास मिक्सर बंद होतानाचा धक्का ॲम्प्लिफायरमधून स्पीकरवर आदळतो. आता रात्री दहाचा नियम लक्षात घ्यावा. दहानंतर उघड्या जागेत ध्वनिक्षेपक वाजवण्यास मनाई आहे. राज्य शासन वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. प्रत्यक्षात दहाला पाच मिनिटे असताना शेवटचे गाणे लागते, दहा वाजून गेल्यावर पोलिसांची गाडी दिसते आणि कोणीतरी धावत जाऊन जनरेटरच बंद करतो. त्या एका झटक्यात स्पीकरवर धक्का बसतो, पेनड्राईव्हवर चालू असलेले लेखन अर्धवट राहून त्यावरील गाण्यांची सूची बिघडते, आणि तापलेल्या ॲम्प्लिफायरचे पंखे थंड होण्याआधीच थांबतात. दोष मात्र पुढच्या लग्नात दिसतो, तेव्हा त्याचे कारण कोणाच्या लक्षात राहत नाही. ज्या ऑपरेटरची शेवटच्या गाण्याची वेळ पावणेदहा ठरलेली असते, त्याला ॲम्प्लिफायर आधी बंद करण्यास, पेनड्राईव्ह रीतसर बाहेर काढण्यास आणि तारा न ओढता गुंडाळण्यास पंधरा मिनिटे मिळतात. त्याच पंधरा मिनिटांत त्याने एका वहीत त्या रात्रीचा दाब, तापलेले यंत्र, खरखरणारी वाहिनी आणि बदललेली तार यांची नोंद करून ठेवावी. पुढच्या लग्नाच्या सकाळी मल्टिमीटर काढण्याआधी तीच वही उघडायची असते.